काळी शाई उतरेना

देवगडात आंब्याचा हंगाम मेअखेर उरकतो आणि पेट्यांची लेबलं छापणारे प्रिंटर तसेच पडून राहतात. गणपतीच्या आठ दिवस आधी असाच एक इंक टँक प्रिंटर माझ्याकडे आला. आरतीच्या पुस्तिका छापायच्या होत्या. नोझल चेकवर, म्हणजे प्रत्येक रंगाच्या रेघा काढणाऱ्या चाचणीच्या पानावर, काळ्याची एकही रेघ नाही, मॅजेंटाच्या (गुलाबीच्या) अर्ध्या तुटक्या, बाकी दोन रंग ठीक. घरी बारा वेळा हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडणाऱ्या हेडची प्रिंटरकडूनच होणारी सफाई, मारून झालं होतं.

एवढ्या दमट हवेत शाई वाळते कशी, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद केला की हेड उजवीकडच्या रबरी कॅपवर जाऊन बसतं आणि नोझल, म्हणजे शाईची बारीक भोकं, झाकली जातात. इथे वळवाच्या पावसात छापता छापता लाईट गेली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं गेलं. अडीच महिने हेड पट्टीच्या मधोमध उघडं होतं.

म्हणून मी आधी कॅप बघतो, हेड नंतर. कॅपच्या काठावर शाई जेलीसारखी जमली होती. ती कापसाच्या काडीने काढून कॅपमध्ये एक मिली सफाईचं द्रावण टाकलं आणि क्लीनिंग लावलं. द्रावण तसंच उभं राहिलं. म्हणजे कॅपखालून शाई ओढणाऱ्या पंपाची नळी तुंबलेली, त्या बारा क्लीनिंगमध्ये शाई ओढलीच गेली नव्हती. कोमट द्रावण टाकून अर्धा तास थांबायचं, मग क्लीनिंग, असं तीनदा केल्यावर कॅप रिकामी झाली.

द्रावण घरचंच: 90 मिली डिस्टिल्ड वॉटर, 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, ग्लिसरीनचे चार थेंब. पाण्याने शाई सुटते, अल्कोहोलमुळे पाणी बारीक भोकात शिरतं, ग्लिसरीन भोक पुन्हा कोरडं पडू देत नाही. विहिरीचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार नोझलमध्येच बसतात. सॅनिटायझरमध्ये जेल असतं, अ‍ॅसिटोनने हेडमधला डिंक सुटतो. काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) असेल तर व्हिनेगरही नको. ही शाई अल्कलीत टिकते, आम्लात तिच्या गुठळ्या होतात. अल्कोहोल जास्त झालं तरी तेच. मिश्रण गाळण कागदातून गाळूनच घ्यावं.

मग हेड. प्रिंटर चालू करून हेड कॅपवरून हललं की प्लग काढायचा, म्हणजे ते हाताने सरकतं. द्रावणात भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाची पट्टी हेडखाली सरकवली. काळ्याचा डॅम्पर (टाकीच्या नळीतली शाई हेडला देणारी छोटी डबी) काढून हेडच्या तोटीवर पाच सेंटिमीटर मऊ नळी बसवली, तिला 5 मिलीची सिरिंज लावली. भोवती कापूस दाबून ठेवला, कारण एक थेंब हेडच्या फ्लॅट केबलवर गेला की हेडबरोबर मेन बोर्डही जातो.

दट्ट्या हलेना. इथेच लोक जोर लावतात. नोझल केसाहूनही बारीक असतात. जोर लावला तर आतलं सील फाटतं आणि एक रंग दुसऱ्यात शिरतो, मग हेड टाकूनच द्यावं लागतं. दट्ट्या काढून सिरिंजमध्ये दोन मिली द्रावण उभं सोडलं आणि चार तास हात लावला नाही.

संध्याकाळी पातळी बोटभर उतरली होती आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर काळा डाग पसरला होता. दट्ट्या लावून बोटाच्या टोकाने जेमतेम दाबला. हेडखाली छोटा आरसा धरला होता. त्यात आधी करड्या थेंबांची एक रांग दिसली, मग तिच्यातून दोऱ्यासारख्या बारीक, सरळ धारा सुटल्या. एक-दोन धारा तिरक्या होत्या, त्या तीन मिलीनंतर सरळ झाल्या. मॅजेंटाला एक मिली पुरलं.

डॅम्पर बसवला, केबलभोवतीचा कापूस कोरडाच असल्याची खात्री केली, प्लग लावला. एक क्लीनिंग, एक नोझल चेक: काळ्याच्या दोन रेघा कमी. लगेच पुन्हा क्लीनिंग मारलं तर हवेचे बुडबुडे आत ओढले जातात, म्हणून प्रिंटर रात्रभर तसाच ठेवला. सकाळी रेघा पूर्ण आल्या. पहिली आठ पानं फिकट निघाली, ते हेडमध्ये उरलेलं द्रावण.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या: आठवड्यातून एक चाररंगी पान काढायचं, आणि छापताना लाईट गेली तर ती आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून त्याच्याच बटणाने बंद करायचा.