तुम्ही विचारलंत म्हणून: पंधरा मतांची निवडणूक

"सर, तुम्ही स्वतः सी.आर. पळवून यू.आर. झालात. मग कॉलेजात खुल्या निवडणुका हव्यात, असं कोणत्या तोंडाने म्हणता?"

दर जुलैला स्टाफरूममध्ये हा प्रश्न येतो. सी.आर. म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, यू.आर. म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी. विद्यार्थीही विचारतात, फक्त जरा घाबरत. इतकी वर्षं मी "तो काळ वेगळा होता" एवढंच म्हणून उठून जायचो. या वर्षी नीट सांगतो.

होय, पळवले. 2003 साली मी टी.वाय.बी.ए.ला होतो. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांचं थेट मतदान गेलेलं होतं. वर्गात पहिला येईल तो सी.आर., आणि खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी., सांस्कृतिक यांचा एकेक. दोन मुली प्राचार्य नेमायचे. सगळे मिळून आमच्याकडे पंधरा. ते आपल्यातून एक सचिव निवडायचे, त्यालाच सगळे यू.आर. म्हणायचे. मी वर्गात पहिला होतो म्हणून त्या पंधरांत होतो. माझ्या वर्गातल्या एकानेही मला निवडलं नव्हतं. त्या वयात हे मला खटकलं नाही. मार्क मिळवलेत, हक्क आहे, असं वाटायचं.

आठ मतं लागत होती. माझ्याकडे सात पक्की होती. आठवं होतं एफ.वाय.बी.एस्सी.च्या एका पोराचं. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडचा, बारावीला चांगले मार्क, होस्टेलवर राहायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मतदानाच्या तीन दिवस आधी आमच्या पॅनेलची ट्रॅक्स जीप आली. गाडी आणि डिझेल कोणाचं, ते तेव्हा मी विचारलं नाही, आणि आता माहीत असूनही लिहीत नाही. पोरांना भंडारदऱ्याला नेलं. मी मागे थांबलो, कारण समोरच्या पॅनेलवर लक्ष ठेवायला कोणीतरी गावात हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. कॉलेजच्या गेटाशी एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर टोपी, टोपीवर युरियाच्या गोणीची खोळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं खाकी पाकीट. मला म्हणाले, "दादा, तुम्ही हितलेच का? आमचं पोरगं होस्टेलवर नाही. रूमवाले काही बोलंनात."

त्यांनी पोराचं नाव सांगितलं. मी म्हणालो, "मला नाही माहीत, काका. मित्राच्या गावाला गेला असेल. येईल उद्या-परवा."

तो कुठे आहे हे मला माहीत होतं. रात्री एस.टी.डी. बूथवरून फोन झाला होता, त्याने जेवणात कोंबडी मागून घेतली हेही माहीत होतं.

पाकिटात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला होता. ई.बी.सी.च्या, म्हणजे फी-सवलतीच्या फॉर्मची त्या दिवशी शेवटची तारीख होती. मी त्यांच्याबरोबर ऑफिसच्या खिडकीपर्यंत गेलो, मदत करतोय असं दाखवत. क्लार्क म्हणाला, फॉर्मवर विद्यार्थ्याची सही लागते. वडिलांनी विचारलं, "मी करू का?" क्लार्कने मान हलवली. ते तिथेच थोडा वेळ उभे राहिले. दोनची एस.टी. चुकली तर संध्याकाळशिवाय गाडी नव्हती. जाताना त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "तुम्ही शाणे दिसता. तो आला की द्या."

मी ते घेतलं. फोन करून "त्याला आत्ताच्या आत्ता परत पाठवा" म्हणायला मला एक रुपया लागला असता. बूथ समोर होता. मी केला नाही. समोरच्यांनी त्याला वाटेत गाठला असता तर, हा एवढाच विचार डोक्यात होता.

आठ विरुद्ध सात. गुलाल. मी यू.आर.

एक वर्ष मी काय केलं? गॅदरिंगच्या पत्रिकेवर नाव छापून आलं. वाचनालय संध्याकाळी तासभर जास्त उघडं ठेवायला लावलं, याचा मला आजही आनंद आहे. पण त्या पोराचा फॉर्म घ्या म्हणून ऑफिसात गेलो तेव्हा "मुदत संपली" एवढ्यावर मला परत पाठवलं, आणि मी परत आलो. माझ्यामागे होते कोण? आठ पोरं, तीही सहलीवरून आलेली. त्याच्या वडिलांनी पूर्ण फी भरली. कुठून आणली, ते मी विचारलं नाही.

वीस वर्षांचा तो मी अजून भांडतो माझ्याशी. म्हणतो, पोराला कोणी बळजबरी केली नव्हती, तो हसत गाडीत बसला. खरं आहे. म्हणतो, समोरच्यांनीही दोघांना लोणावळ्याला नेलं होतं. तेही खरं. मग मी त्याला विचारतो, फोन का नाही केलास? तिथे तो गप्प होतो, आणि मीही.

म्हणून सांगतो, खुलं मतदान मी मागतो ते याच तोंडाने. पंधरा पोरं दोन गाड्यांत मावतात. दोन हजार मावत नाहीत. 1989 पासून अठराव्या वर्षी आमदार निवडायचा हक्क आहे, आणि इतकी वर्षं आमच्या पोरांना वर्गाचा प्रतिनिधी निवडता आला नाही. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने तो हक्क कागदावर परत दिला: अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी आणि एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी, सगळ्यांच्या थेट मतांनी. 2019 ला वेळापत्रकही निघालं, मग निवडणुका पुढे गेल्या, मग करोना आला. नियम वाचून दाखवतो मी सगळ्यांना. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चाला पाच हजारांची मर्यादा घातली, छापील पोस्टरं बंद केली. दोन हजार पोरांसमोर हाताने लिहिलेलं पोस्टर घेऊन उभं राहावं लागलं असतं, तर मी उभा तरी राहिलो असतो का?

आमचे एक ज्येष्ठ सहकारी यावर म्हणतात, "तू तो आधीचा काळ पाहिला नाहीस." 1989 साली मुंबईत विद्यार्थी नेत्याचा खून झाला, साखळ्या-सळया कॉलेजात यायच्या, बाहेरचे पक्ष आत बसायचे. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. पाच हजारांची मर्यादा गावातला पुढारी पाळेल का, असं ते विचारतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. माझी मुलगी पुढच्या वर्षी एफ.वाय.ला जाईल. ती उभी राहते म्हणाली तर मी काय म्हणेन, तेही मला ठाऊक नाही. पण भीतीपोटी बंद केलेल्या दाराआड आम्ही काय केलं, ते मी वर लिहिलंय.

तो पोरगा मागच्या दिवाळीत संगमनेरच्या स्टँडवर भेटला. आता शिक्षक आहे. भंडारदऱ्याचं पाणी कसलं भरलं होतं त्या वर्षी, हे तो दहा मिनिटं सांगत होता. वडील गेले म्हणाला, चार वर्षं झाली. गेटाशी भेटलेल्या पोराबद्दल त्यांनी त्याला कधी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. पाकीट देताना मी त्याला म्हणालो होतो, "ऑफिसात पडलं होतं, तुझं नाव दिसलं म्हणून आणलं."