आडनाव सगळ्यात शेवटी शोधा

नाशिकला रामकुंडाजवळच्या, यजमानांच्या वंशाच्या वह्या ठेवणाऱ्या तीर्थोपाध्यायांकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, "गाव कोणतं?" जात आणि आडनाव त्यानंतर. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानं ठरलेला हा क्रम आहे, आणि घराण्याच्या जुन्या नोंदी शोधताना तोच पाळावा. गाव सहसा टिकतं. आडनाव मात्र लिहिणाऱ्यागणिक बदलतं.

आयर्लंडहून अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज जनगणनेची जुनी पानं चाळतात, तेव्हा त्यांनाही हाच ताप होतो. कुठे आडनावाच्या सुरुवातीचा 'ओ' गळालेला असतो, कुठे 'मॅक'. पण त्यांच्या हाती निदान घराघराची यादी असते. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची जनगणना तर नावानिशी, फुकट बघायला मिळते. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरी भरलेले तक्ते कुणाला बघता येत नाहीत, म्हणून आपली भिस्त उपाध्यायांच्या वह्या, कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि शाळेचं रजिस्टर यांच्यावर.

वहीतला लेख, म्हणजे नोंद, भरवशाची, कारण ती आलेल्या माणसानं स्वतः सांगितलेली असते. कोण आलं, वडील, आजा, भाऊ, मुलं, अस्थी घेऊन आले की श्राद्धाला की सिंहस्थाला, तिथी, आणि खाली सही नाहीतर अंगठा. बायकांची नावं कमी, आणि आली तरी बहुधा कुणाची तरी आई किंवा बायको म्हणून. जाण्याआधी एका कागदावर मूळ गाव (आत्ता राहता ते नव्हे), पणजोबांपर्यंतची नावं, त्यांचे भाऊ आणि मृत्यूचं अंदाजे साल लिहून घ्या. पितृपक्षात किंवा अमावस्येला जाऊ नका. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत तर नकोच, वही उघडून बसायला तेव्हा कुणालाच सवड नसते. वह्या त्या घराण्याच्या मालकीच्या असतात. फोटो विचारून काढायचा, दक्षिणा मनापासून द्यायची.

गावाचाही एक चकवा आहे. नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधी मालेगाव, बागलाण खानदेशात होते, तर सिन्नर, निफाड नगरकडे. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके तर अगदी अलीकडचे, त्यामुळे तिथल्या गावांच्या जुन्या नोंदी शेजारच्या तालुक्याच्या नावाखाली सापडतात. जुन्या कागदातलं 'चांदोर' म्हणजे आपलं चांदवड.

आता आडनाव. ते कुठे बिघडलं हे कळलं, की कसं शोधायचं तेही कळतं. पहिला घोळ कानाचा. बागलाण, कळवण, मालेगावकडे अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो, डोळा म्हणजे डोया. तिकडचा माणूस 'शेवाये' म्हणाला आणि कारकून अहिराणी न जाणणारा असला, की कागदावर शेवाये, शेवाले, शेवाळे यांतलं काहीही उतरतं. दुसरा घोळ मोडीचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, शब्द तोडून लिहीत नाहीत, अनुस्वार बरेचदा गळतो, श आणि स यांची सरमिसळ असते. शिंदे हे 'सिदे' म्हणून सापडले तर ती चूक समजू नका, त्या काळची ती रीतच होती. तिसरा घोळ इंग्रजीतून परत मराठीत येताना होतो आणि सगळ्यात वाईट तोच, कारण त्यात मूळ ध्वनीच हरवतो. थेटे रोमनमधून परतले की 'ठेटे' होतात, ढगे 'धागे' होतात, बोराडेंचे 'बोरदे' होतात. संगणकावरच्या याद्यांत हे प्रकार भरपूर दिसतात.

मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घेताना एक अट आधीच घाला: जसं लिहिलंय तसं, ओळीला ओळ, काहीही न सुधारता. नाहीतर चांगल्या हेतूनं तो 'सिदे' चं 'शिंदे' करून देतो आणि पुढच्या कागदाशी ताडून बघायचा धागाच तुटतो. एखादं अक्षर अडलं तर त्याच पानावरचं, त्याच हाताचं, माहीत असलेल्या शब्दातलं अक्षर शोधून शेजारी ठेवा. छापील मोडी तक्त्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली आडनाव उच्चारावरून लावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यातूनच 'साउंडेक्स' आलं: पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, जवळच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. मराठीसाठी साध्या कागदावर आडनावाचा असा सांगाडा करता येतो. काना-मात्रा-अनुस्वार काढा, श-ष चा स करा, ण चा न, ळ आणि (अहिराणी मुलखात) य चा ल, ट चा त, ड चा द, आणि महाप्राण अक्षराचं साधं अक्षर (ख चा क, छ चा च). जोडाक्षर दुहेरी असेल तर एकदाच घ्या. शेवाळे, शेवाये, शेवाले तिन्ही 'स-व-ल' होतात. बच्छाव आणि बछाव 'ब-च-व'. पण ही चाळणी ढिली आहे. पगार आणि पगारे ही दोन वेगळी आडनावं तिच्यात एक होतात. म्हणून सांगाडा जुळला की लगेच उड्या मारू नका, गाव आणि तीन पिढ्यांची नावं जुळताहेत का ते बघा.

आडनावच नसेल तर? जुन्या कागदांत 'तुका बिन रामा, मौजे अमुक' एवढंच असतं. 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. कधी नुसतं 'पाटील' असतं. ते वतन असू शकतं, मूळ आडनाव निराळं. विठ्ठल, विठू, विठोबा एकच माणूस असू शकतो. उलट नातवाला आज्याचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे 'रामा बिन गणू' दोन पिढ्यांनी पुन्हा उगवतो. दोन नोंदींत चाळीस-पन्नास वर्षांचं अंतर असेल तर तो आजा-नातू असण्याचा संभव जास्त.

जुन्या कागदातल्या सालाचं इसवी सन काढायचा हिशेब सोपा. शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तिथीला ७९. दख्खनी फसली आणि शुहूर या मृगापासून सुरू होणाऱ्या जुन्या सनांपैकी फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९. या दोन्हींत जानेवारीपासून मृगापर्यंतची तारीख असेल तर एक जास्त.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. नक्कल मागताना एकच स्पेलिंग देऊ नका. गाव, अंदाजे पाच वर्षांचा काळ आणि दोन-तीन रूपं अर्जात लिहा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही बघा, पण तिथली १ जून ही जन्मतारीख मनावर घेऊ नका. शाळा जूनमध्ये उघडायची म्हणून गुरुजी सर्रास तीच टाकत.

लेख सापडला की उपाध्ये नवीन लेख लिहायला सांगतात. घाईत नुसती सही ठोकू नका. आडनाव आत्ताचं आणि जुन्या लेखातलं, दोन्ही लिहा. मूळ गाव तालुक्यासकट, आणि घरातल्या बायकांची नावं माहेरच्या आडनावासह.