शहापूरच्या डोंगरात दुष्काळ मोजताना

गेले वर्षभर रविवारी ठाण्यातल्या घरी बसून मी शहापूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्याचा एक नकाशा तयार करतो आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि तानसा, मोडकसागर, भातसा अशी धरणे असलेल्या या तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडावर पाड्यांना टँकर लागतो. तो कोणत्या पाड्याला आधी लागेल, हे उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखता येते का, एवढेच मला पाहायचे होते.

सुरुवात अर्थातच पावसापासून केली. कोलोरॅडोतील संशोधकांनी १९९३ साली मांडलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक जगभर वापरला जातो. तो एखाद्या ठिकाणचा पाऊस त्याच ठिकाणच्या अनेक वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहतो. आकडा उणे एकच्या खाली गेला की मध्यम दुष्काळ आणि उणे दोनच्या खाली गेला की अतितीव्र. शहापूरसाठी मात्र ज्या वर्षी हा आकडा शून्याच्या वर होता, त्याही वर्षी विहिरी आटल्या होत्या. निर्देशांकाची यात चूक नाही. नेहमीसारखा पाऊस पडला का, एवढेच तो सांगतो. पडलेले पाणी थांबले का, हे त्याला विचारलेलेच नसते. इथे खाली बेसॉल्टचा कातळ आहे, वर मातीचा पातळ थर आहे आणि जमिनीला तीव्र उतार आहे, त्यामुळे चार महिन्यांतले बहुतेक पाणी ओढ्यांतून धरणांकडे निघून जाते. शिवाय हवामान विभागाच्या पाऊसनोंदींचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर बाजूचा असतो, आणि त्यात दरी आणि सुळका दोन्ही एकाच आकड्यात बसतात.

म्हणून मी हिरवाईकडे वळलो. वनस्पती स्थिती निर्देशांक जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची आजची हिरवाई त्याच तुकड्याच्या आजवरच्या सर्वात कमी आणि सर्वात जास्त हिरवाईच्या मध्ये कुठे बसते, ते सांगतो. डोळखांबकडच्या एका उतारावर हा आकडा सलग चार वर्षे तळाला होता. मी मोठ्या आत्मविश्वासाने तो भाग गडद तांबडा रंगवला आणि शेजारी ‘सततचा दुष्काळ’ असे लिहून ठेवले. फेब्रुवारीत तिथे प्रत्यक्ष गेलो, तर जेसीबीने उताराचे टप्पे पाडलेले होते, मुरमाचा रस्ता झाला होता आणि तारेच्या कुंपणावर एन.ए. (बिगरशेती) प्लॉटचा फलक लटकत होता. जंगलच राहिले नव्हते, मग हिरवाई कुठून दिसणार? जमिनीचे रूप बदलले होते आणि माझा निर्देशांक त्याला दुष्काळ म्हणत होता. माझ्या मते डोंगराळ भागाच्या दुष्काळ नकाशांतला हा सर्वात मोठा धोका आहे, कारण असा नकाशा दिसायला अगदी पटण्यासारखा असतो.

दुसरी चूक एप्रिलमधली. संगणकाने काही काळे ठिपके ‘उघडा खडक’ या वर्गात टाकले होते. पाड्यावरच्या एका आजींना ते मोबाइलवर दाखवले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “अरे बाबा, हा तर आमचा राब.” भाताच्या रोपांसाठी ऐनाच्या फांद्या, शेण आणि पालापाचोळा पसरून भाजलेली ती जमीन जुलैत सगळ्यांत आधी हिरवी होते.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी जमीन कुठे बदलली ते वेगळे काढतो आणि मगच उरलेल्या भागावर दुष्काळाचा निर्देशांक लावतो. १९८४ पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा एक चौकोन ३० मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा असतो. २०१५ नंतरच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचा चौकोन १० मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचा. सातबारा वाचलेल्या माणसाला हे माप लगेच कळते. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रे निरुपयोगी ठरतात आणि एप्रिलमध्ये सागाची पाने गळून गेल्याने जिवंत जंगलही ओसाड दिसते, त्यामुळे मी नोव्हेंबरची चित्रे नोव्हेंबरशीच ताडतो. तरीही हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास जात असल्याने हिवाळ्यात डोंगरांच्या वायव्य उतारांवर सावली पडलेली असते, आणि तिची दुरुस्ती केली नाही तर तिथले जंगल पाण्यासारखे काळे दिसते.

जमीन बदलली म्हणून वगळलेल्या चौकोनांचा विषय मात्र तिथे संपत नाही. दाबून सपाट केलेल्या मुरमात पाणी कमी मुरते, आणि त्या प्लॉटखालच्या ओढ्याकाठची विहीर आता लवकर तळ गाठते, असे आजींचे म्हणणे आहे. पूर्वी होळीपर्यंत पोहोऱ्याने पाणी निघायचे. मी फेब्रुवारीत गेलो तेव्हाच एक मुलगी विहिरीत उतरून वाटीने हंडा भरत होती. एका विहिरीवरून निष्कर्ष काढण्याची माझी तयारी नाही, पण नकाशात आता विहिरींचा वेगळा थर आहे आणि त्यात प्रत्येक विहीर कोणत्या आठवड्यात आटली ते लिहितो.

या नोंदीसाठी मी आजींना वही देऊ केली होती. त्यांनी ती घेतली नाही. त्यांच्या दोराला हाताहातावर गाठी आहेत आणि दिवाळीला किती गाठी आत गेल्या होत्या, ते त्यांच्या लक्षात आहे.