जुनी बॉक्सिंग मासिकं: मागची पानं आणि नागपूरचं हवामान

‘द रिंग’ या अमेरिकन बॉक्सिंग मासिकाचा जुना अंक हाती आला की नजर आधी मुखपृष्ठावर जाते. मोहम्मद अली, फ्रेझर, ड्युरान, हॅगलर असे नामवंत बॉक्सर. चित्रं देखणी आहेतच, पण अंकाचा जीव मागच्या पानांत असतो: वजनगटांची क्रमवारी, देशोदेशीच्या वार्ताहरांची बारीक टाइपातली पत्रं, निकालांच्या याद्या. मुखपृष्ठ आज फोनवर कुणालाही दिसतं. एखाद्या महिन्यात मिडलवेटमध्ये सातव्या क्रमांकावर कोण होता, हे मात्र त्या महिन्याच्या छापील पानावरच बघावं. संकेतस्थळावरची क्रमवारी दर आठवड्याला बदलते आणि जुनी यादी नव्या यादीखाली गडप होते. छापलेलं पान मागे जाऊन कुणी दुरुस्त करत नाही.

उदाहरणच घ्यायचं तर 1967. अलीने सैन्यात जायला नकार दिला आणि बॉक्सिंगच्या संघटनांनी त्याचं विजेतेपद काढून घेतलं. ‘द रिंग’चे संस्थापक-संपादक नॅट फ्लायशर यांनी ते मानलं नाही. त्यांच्या क्रमवारीत पुढची जवळपास तीन वर्षं हेवीवेटचा विजेता म्हणून अलीच राहिला. तेव्हाचा कुठलाही अंक उघडा, तो हट्ट काळ्या शाईत दिसतो. नंतरच्या लेखातून ती गोष्ट कळते, पण महिन्यामागून महिना तेच नाव बघण्याचा परिणाम वेगळाच.

हे मासिक 1922 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. लंडनचं ‘बॉक्सिंग न्यूज’ त्याहून जुनं, 1909 चं, आणि अनेक दशकं साप्ताहिक. दोन्ही सोबत वाचताना तारखांचा घोळ होतो, म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकन मासिकावर छापलेला महिना हा अंक स्टॉलवर किती दिवस ठेवायचा त्या हिशेबाने पुढचा टाकलेला असतो. 8 मार्च 1971 ला झालेली अली-फ्रेझर लढत मार्चच्या अंकात शोधून उपयोग नाही. मे ते जुलैचे अंक चाळावे लागतात. क्रमवारीच्या पानावर ती कुठल्या तारखेपर्यंतची आहे हे बहुधा लिहिलेलं असतं. ती तारीख खरी, मुखपृष्ठावरचा महिना नव्हे.

निकालांची संक्षिप्त अक्षरंही नवख्याला फसवतात. ‘केओ’ (नॉकआउट) म्हणजे त्या खेळाडूने समोरच्याला पाडलं; ‘केओ बाय’ म्हणजे तोच पडला. 1910 च्या दशकातल्या नोंदींत ‘एनडी’ (नो डिसिजन, म्हणजे निर्णय नाही) भरपूर दिसतं. तेव्हा न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी कायद्याने निर्णय द्यायलाच मनाई होती. दोघं शेवटपर्यंत उभे राहिले तर अधिकृत निकालच नसे, आणि कोण जिंकलं हे लोक दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचत. अशा लढतींना बरोबरी समजून बेरीज केली की आकडे चुकतात.

आठवणींत रमताना एक काळा काळ झाकू नये. 1977 मध्ये प्रवर्तक डॉन किंग आणि एबीसी वाहिनीची अमेरिकन विजेतेपदांची स्पर्धा ‘द रिंग’च्या क्रमवारीवर आधारलेली होती. काही खेळाडूंच्या नावावर न झालेल्या लढती चढवल्याचं उघड झालं आणि वाहिनीने स्पर्धा थांबवली. ते उघड करण्यात माल्कम ‘फ्लॅश’ गॉर्डन यांचा मोठा वाटा होता, आणि ते स्वतःचं छोटंसं पत्रक काढत. म्हणून त्या एक-दोन वर्षांतल्या अमेरिकन खेळाडूंच्या नोंदी दुसऱ्या साधनाशी, निदान बॉक्सरेक या लढतींच्या नोंदींच्या संकेतस्थळाशी, ताडून घ्याव्यात. तेवढ्यासाठी ते अंक टाकून मात्र देऊ नयेत. घोटाळ्याचा पुरावाही तेच आहेत.

नागपुरात हे अंक मिळतात कुठे? परदेशी मासिकं तुरळकच. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे आणि कामठीकडच्या रद्दीत अधूनमधून एखादा गठ्ठा निघतो. कामठी छावणीचं गाव, आणि लष्करात बॉक्सिंगची परंपरा जुनी, त्यामुळे तिकडच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवणं फायद्याचं. ‘बॉक्सिंग’ असं मोघम सांगू नये. मुखपृष्ठाचा फोटो दाखवावा. भारतीय बॉक्सिंगसाठी ‘स्पोर्टस्टार’ बघावा. तो 1978 ला साप्ताहिक म्हणून सुरू झाला. 27 जानेवारी 1980 ला दिल्लीत अलीसोबत प्रदर्शनी लढत खेळलेले कौर सिंग, त्यांचंच 1982 च्या दिल्ली आशियाडमधलं सुवर्ण, यांसाठी त्या तारखांनंतरच्या दोन-तीन आठवड्यांचे अंक चाळावेत. घेण्याआधी मधली जोडपानं मोजा. पोस्टर काढून घेतलेलं असलं की त्याच्या पाठीमागचा मजकूरही गेलेला असतो. कात्री लागलेला अंक अर्ध्या भावातही घेऊ नये, हे आमचं ठाम मत.

अंक घरी आला की खरी लढाई हवामानाशी. इथली दोन टोकं कागदाला सारखीच वाईट. नवतप्यात हवा इतकी कोरडी होते की जुना न्यूजप्रिंट पापडासारखा मोडतो. त्या दिवसांत दुमडलेला कोपरा सरळ करायला जाऊ नये, घडीवरच तुकडा पडतो. ते काम पावसाळा ओसरल्यावर, हवेत थोडा ओलावा असताना करावं. दुसरं टोक जुलै-ऑगस्टचं. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. पण अनेकांचे अंक खराब होतात ते पावसाने नाही, कूलरने. कूलरच्या झोतातलं कपाट मे महिन्यातही ओलसर राहतं, आणि उष्णता आणि ओल एकत्र म्हणजे कसर लागायला आयतं निमंत्रण. कपाट कूलरच्या खोलीत ठेवूच नये. बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, चार बोटं जागा सोडावी. आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा आणि आकडा 40 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान राखावा.

मृग लागण्याआधी अंक झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यांत हलवले तर पावसाळा सुखाने जातो. साधारण 30 लिटरच्या डब्याला अर्धा किलो सिलिका जेल, कापडी पुरचुंड्यांत. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते ओलावा भरल्याचं स्वतःच सांगतं. मग ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. कडुलिंबाचा पाला टाकायचाच तर पूर्ण वाळलेला हवा, अर्धवट ओला पाला कागदावर डाग सोडतो. डांबराच्या गोळ्यांनी वाळवी थांबत नाही आणि वास मात्र वर्षानुवर्षं जात नाही. कसर लागलेला अंक झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करावा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात. पीव्हीसीच्या पिशव्यांना उग्र वास असतो, उन्हाळ्यात त्या चिकट होतात आणि मुखपृष्ठाची शाई उचलतात. दुसरी अडचण मापाची: ‘द रिंग’सारखी अमेरिकन मासिकं साडेआठ इंच रुंद, तर ए-फोर कागद सव्वाआठ इंचांच्या आसपास. ए-फोरच्या फायलीत कोंबलं की बाहेरची कड चुरगळते. लीगल आकाराचं पाकीट घ्यावं. अंक आडवे ठेवावेत, थर वीतभरापेक्षा उंच नको, आणि दर दहा अंकांनी पाठीची बाजू उलट करावी म्हणजे ढीग एका बाजूला कलत नाही.

गंजलेल्या पिना हा इथला नेहमीचा रोग. मधलं पान उघडून पिनेचे पाय पातळ सपाट पात्याने आतून सरळ करावेत, मग पाठीकडून पिन हळूच ओढावी. आधी पाठीकडून ओढली तर गंज कागदालाच चिकटलेला असल्याने भोक फाटतं. पिनेच्या जागी त्याच भोकांतून सुती दोऱ्याचा टाका घालावा, गाठ आत. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात नको. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून पाझरतो आणि मागच्या पानालाही डाग देतो. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ हा इलाज. कणकेची खळ लावू नये. तिच्यातली प्रथिनं झुरळांना आणि कसरीला आवडतात.

‘द रिंग’चा नियमित छापील अंक 2022 च्या अखेरीस बंद झाला, 2024 मध्ये मालकी बदलल्यावर छपाई पुन्हा सुरू झाली. नवा कागद गुळगुळीत, छायाचित्रं अप्रतिम. जुन्या अंकांसारखी मागच्या पानांची गर्दी त्यात नाही, ही खंत राहतेच. आपल्याकडच्या खेळाडूंचं बघायचं तर नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल 2021 मध्ये पोलंडमधल्या किएल्से इथे युवा विश्वविजेतेपद जिंकलं. तेव्हाची नागपूर आवृत्तीची वर्तमानपत्रं कुणाच्या घरी असतील तर आत्ताच वेगळी काढा. ती मासिकांच्या पिशवीत ठेवू नका. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर उतरतं आणि त्यावर तपकिरी चौकोन उमटतो. आधी 400 डीपीआयवर स्कॅन करा, फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहा, आणि मग कात्रण न करता पूर्ण पान सपाट ठेवा.