सिलिंडर शेवटी आला पाहिजे

लोअर परळच्या एका कॉमेडी क्लबमध्ये मला आठ मिनिटांचा स्पॉट मिळाला, तो पहिल्या ओपन माइकनंतर, म्हणजे नवख्यांनाही नाव नोंदवून बोलता येते अशा कार्यक्रमानंतर, 14 महिन्यांनी. या 14 महिन्यांत तू नेमके काय केलेस, असे कोणी विचारले तर खरे उत्तर एवढेच आहे की मी एका वाक्यातला एक शब्द उचलून शेवटी नेऊन ठेवला.

मी व्यवसायाने लेखापरीक्षक आहे. सहकारी पतसंस्थांची दप्तरे तपासते आणि डोंबिवलीला राहते. विनोद सांगण्याची हौस कॉलेजपासूनची असली, तरी मंचावर उभे राहण्याचा धीर तिशी उलटल्यावर आला. मुंबईतल्या ओपन माइकची पद्धत साधारण सारखीच असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फॉर्म येतो, तो भरायचा, यादी लागली की नाव शोधायचे आणि खार, अंधेरी किंवा वांद्र्याच्या एखाद्या कॅफेत वेळेआधी पोहोचायचे. प्रत्येकाला चार मिनिटे मिळतात. तिसरे मिनिट संपले की मागच्या भिंतीजवळून कोणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवते, त्याला नुसते ‘लाइट’ म्हणतात. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक स्वतःच आपल्या पाळीची वाट पाहत असतात आणि मनातल्या मनात आपल्याच ओळी घोकत असतात, त्यामुळे त्यांच्याकडून हशा वसूल करणे हे थकीत कर्जाच्या वसुलीपेक्षा अवघड काम आहे. एका आयोजकाने तर शुल्क आगाऊ घेऊन माझे नाव तीनदा खाली सरकवले, आणि माझी पाळी आली तेव्हा खोलीत तो स्वतः, मी आणि खुर्च्या गोळा करणारा मुलगा एवढेच उरलो होतो. मुलगा हसला, हे नमूद करायला हवे.

पहिल्या रात्री मी पाठ केलेला निबंध म्हटला. दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही तेच झाले. वाक्ये व्याकरणशुद्ध होती, आणि लोक अतिशय सभ्यपणे ऐकून घेत होते, यापेक्षा वाईट प्रतिसाद कॉमेडीत नसतो. तिथल्या एका अनुभवी मुलीने प्रत्येक सेट, म्हणजे मंचावर सलग सादर केलेले विनोद, ध्वनिमुद्रित करून ऐकण्याचा सल्ला दिला. स्वतःचा आवाज कानात घालून डोंबिवलीपर्यंत येणे हा छळच होता, पण मला तपासणीची सवय असल्यामुळे मी त्याची रीतसर वही केली. एका रकान्यात वाक्य, दुसऱ्यात हशा आला की नाही, तिसऱ्यात तो किती सेकंद टिकला. पाच-सहा आठवड्यांनी वहीत एक गोष्ट स्वच्छ दिसू लागली. लोक वाक्याला हसत नव्हते, शब्दाला हसत होते, आणि तो शब्द येऊन गेल्यावरही मी बोलतच राहत असल्यामुळे आलेला हशा माझ्याच बोलण्याखाली दबून मरत होता.

याचे उदाहरण द्यायचे तर बाबांचा विनोद घ्यावा लागेल. मूळ वाक्य असे होते: “आमचे बाबा घरात कुणाला मिठी वगैरे मारत नाहीत, पण गॅसचा सिलिंडर आत घेताना मात्र ते त्याला अगदी मिठी मारतात, असं मी लहानपणापासून बघत आलेली आहे.” वाचताना बरे वाटते. बोलताना मात्र ‘सिलिंडर’ हा शब्द अर्ध्या वाटेतच येऊन जातो, ऐकणाऱ्याला पुढचे सगळे कळून चुकते आणि मग ‘असं मी बघत आलेली आहे’ ही मालगाडी त्याच्या डोक्यावरून खडखडत जाते. इंग्रजीत कर्म क्रियापदानंतर येत असल्यामुळे गमतीचा शब्द आपोआप शेवटी पडतो. मी ज्यांचे कार्यक्रम पाहून शिकू पाहत होते ते बहुतेक इंग्रजीत बोलणारे होते, आणि त्यांची रचना मी मराठीत आणली की शेवटी ‘आहे’, ‘होतं’, ‘असतं’ हे पहारेकरी उभे राहत. सुदैवाने मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असल्यामुळे शब्द जागचा हलवला तरी अर्थ हलत नाही, ही गोष्ट शाळेत शिकूनही मी विसरले होते. वाक्य फिरवत फिरवत, मधे दोन वेळा सपशेल आपटून, ते शेवटी असे झाले: “बाबांनी घरात आजवर एकालाच मिठी मारलीये. सिलिंडरला.” त्यानंतर थांबायचे. हशा उतरणीला लागला की पुढची ओळ: “तीही रिकाम्याला नाही. भरलेल्याला.”

मधला थांबा शिकायला आणखी दोन महिने लागले. शांततेत एक सेकंद उभे राहणे मला आजही जमते असे म्हणवत नाही.

क्लबमधला स्पॉट मिळाला तो एका मराठी ओपन माइकमध्ये हा सेट ऐकलेल्या सूत्रसंचालकामुळे. ज्या परिसरात हा क्लब आहे, तिथे येताना मला नेहमी आजोबा आठवतात. ते याच भागातल्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि 1982 च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा उभी राहिली नाही. फिनिक्स मिलच्या आवारात पुढे मॉल झाला आणि 2010 मध्ये तिथेच लंडनच्या ‘द कॉमेडी स्टोअर’ची मुंबईतली शाखा सुरू झाली, म्हणजे जिथे भोंगा व्हायचा तिथे तिकीट काढून हसायची सोय झाली. आजोबा लालबागच्या हनुमान थिएटरमध्ये तमाशा पाहायला जात आणि वगापेक्षा, म्हणजे तमाशातल्या नाट्यापेक्षा, बतावणीची वाट पाहत, कारण बतावणीत सोंगाड्या त्या दिवशी समोर जे घडेल ते उचलून बोलतो. आज याला आम्ही ‘क्राउड वर्क’ म्हणतो आणि ते आपण नव्यानेच शोधले असा काही जणांचा समज आहे.

प्रयोगाच्या दिवशी कळले की कॅफे आणि क्लब यांत फरक खोलीचा असतो. छत बुटके, खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, प्रेक्षकांवर अंधार आणि मंचावर एकच झोत. हशा वर विरून न जाता शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जावा म्हणून ही सगळी दाटी. मंचावरून दुसऱ्या रांगेपलीकडचे काही दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. मी आधीच ठरवल्याप्रमाणे माइक काढून घेतला आणि स्टँड मागे नेऊन ठेवला, कारण तो समोर राहिला तर मी त्याच्या आड लपते हे ध्वनिमुद्रणात नाही, एका मैत्रिणीने काढलेल्या व्हिडिओत दिसले होते.

सिलिंडरचा विनोद तिसऱ्या मिनिटाला होता. तो लागला, भरलेल्याची ओळही लागली, आणि पाचव्या मिनिटाला मी दुसऱ्याच विषयात असताना वेटर पहिल्या रांगेतल्या टेबलावरच्या रिकाम्या बशा उचलायला वाकला. सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. वहीत याची काही नोंद नव्हती. माझ्या तोंडून निघून गेले, “आमचे बाबा असते तर रिकाम्याला हात लावला नसता.” त्या रात्रीचा सर्वांत मोठा हशा या वाक्याला आला. परतीच्या गाडीत ते पुन्हा ऐकताना लक्षात आले की इथे शेवटी क्रियापदच आहे आणि तरी ते चालले, कारण या वेळी सगळी कलाटणीच त्या ‘नसता’मध्ये होती. नकार सांगायचा असेल तर मराठी तो आपणहून शेवटपर्यंत राखून ठेवते. क्रियापदाविरुद्ध 14 महिने चालवलेल्या मोहिमेत हा कलम बदल करावा लागला.

लाइट दिसला तेव्हा एक विनोद शिल्लक होता, तो मी सोडून दिला आणि उतरले. बाहेर येऊन करी रोडपर्यंत चालत जाताना आईचा फोन आला. बाबांना यायचे नव्हते, पण मैत्रिणीने पाठवलेला व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला होता, असे ती म्हणाली आणि फोन त्यांच्याकडे दिला.

“भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा असतो,” बाबा म्हणाले. “गॅसच 14.2 किलो. त्याला मिठी मारून उचलला तर कंबर जाईल. तो तिरका करून, बुडाच्या कडेवर गोल फिरवत न्यायचा असतो. चुकीची माहिती सांगू नकोस लोकांना.”

पुढच्या मंगळवारी अंधेरीच्या ओपन माइकला मी बाबांची ही दुरुस्ती शब्दशः सांगितली. वहीत नोंद आहे: नऊ सेकंद.