आमची वाटचाल: 'एकदा लिहा, सगळीकडं जाईल'

आमच्या पहिल्या व्हिजिटिंग कार्डावर फर्मच्या नावाखाली एवढीच ओळ होती, 'एकदा लिहा, सगळीकडं जाईल'. २०१३ साली हजार कार्डं छापली होती, त्यातली निम्मी अजून कपाटात पडून आहेत आणि सासूबाई त्यांच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहितात.

फर्म म्हणजे मी आणि माझी धाकटी नणंद. कोल्हापुरात, राजारामपुरीत, सासऱ्यांच्या झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर. वेबसाइट करून द्यायचो. चपलांचं दुकान, दातांचा दवाखाना, शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री (धातूचं ओतकाम करणारा कारखाना), सहली काढणारे एक जण, असे गिऱ्हाईक. साइट झाली की लोक पेढे द्यायचे आणि तीन महिन्यांनी फोन करायचे, काय ओ मॅडम, साइटवर कोण येतंच नाही की. येणार कसं, आत नवीन काही नव्हतंच. मग आम्ही म्हणायचो महिन्याला दोन लेख लिहा, चप्पल कशी शिवतात, दात कधी काढावा, काहीही. ते बिचारे लिहायचे (बहुतेकदा बोलायचे, आम्ही टाइप करायचो), आणि लेख साइटवर टाकला की तो तिथंच बसून राहायचा, कारण वाचणारे सगळे फेसबुकवर. म्हणून नणंद रोज संध्याकाळी एकेक लेख उघडून लिंक कॉपी करायची, फेसबुकवर, ट्विटरवर, गूगल प्लसवर (होय, तेव्हा तेही होतं), परत दुसरं गिऱ्हाईक, लॉगआउट, लॉगिन. एकदा दवाखान्याचा लेख चपलांच्या पेजवर गेला. 'हिरड्यांतून रक्त येतंय?' आणि वर नाव चप्पल दुकानाचं. त्या रात्री तिनं जाहीर केलं की वहिनी, हे मी हातानं करणार नाही.

तिनंच मग शोधून काढलं. प्रत्येक साइटला एक फीड असतं, आरएसएस म्हणतात, म्हणजे नवीन काय आलं त्याची यादी जी माणसासाठी नाही तर मशीनसाठी असते. ट्विटरफीड नावाची एक फुकट सर्व्हिस होती, आयएफटीटीटी होतं, त्यांना या फीडचा पत्ता द्यायचा आणि सांगायचं की इथं नवीन काही दिसलं की तिथं टाक. लेख टाकला की थोड्या वेळात तो फेसबुकवर, ट्विटरवर आपोआप. पहिल्यांदा चाललं तेव्हा आम्ही दोघी स्क्रीनकडं बघत बसलो होतो, कुकरच्या शिट्टीची वाट बघावी तसं. त्याच आठवड्यात कार्डं छापायला टाकली.

आता खरी गंमत पुढं. ही सगळी यंत्रं इंग्रजी डोक्यात ठेवून बनवलेली आणि आमचे लेख मराठीत. देवनागरीचं एक अक्षर लिंकमध्ये गेलं की त्याची नऊ चिन्हं होतात, टक्का ई शून्य टक्का ए चार वगैरे, आणि काना, मात्रा, वेलांटी हे पण वेगळं अक्षर धरलं जातं. वर्डप्रेसमध्ये (ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही साइट बनवायचो) लेखाच्या पत्त्याला दोनशे चिन्हांची मर्यादा, म्हणजे साधारण बावीस अक्षरांत मराठी पत्ता संपला. 'कोल्हापुरी चप्पल पावसात कशी जपावी' यातलं जेमतेम 'पावसात'पर्यंत येतं, पुढचं गळतं, आणि जे येतं ते व्हॉट्सॅपवर पाठवलं की पाच ओळींचा कचरा दिसतो आणि लोक म्हणतात व्हायरस आहे, उघडू नका. एका गिऱ्हाइकाच्या मेव्हण्यानं खरंच ग्रुपवर तसा मेसेज टाकला होता. तेव्हापासून आमचा नियम, लेखाचं नाव मराठीत पण पत्ता रोमन अक्षरांत, तीन-चार शब्द, बस्स.

दुसरं म्हणजे कापाकापी. ट्विटरला तेव्हा १४० अक्षरांची मर्यादा (२०१७ च्या नोव्हेंबरात २८० झाली), म्हणून एक छोटा प्रोग्राम आम्हीच लिहिला होता जो लेखाची सुरुवात कापून पाठवायचा. तो अक्षरं मोजत नव्हता, बाइट (कॉम्प्युटरचं साठवायचं माप) मोजत होता. मराठी अक्षर तीन बाइटचं, ते मधोमध कापलं की शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह यायचं. ते दुरुस्त केलं तर पुढचा प्रकार: दवाखान्याच्या डॉक्टरांचा लेख होता, 'रूट कॅनाल करू नका असं कोणी सांगत असेल तर आधी हे वाचा'. आमच्या मशीननं पाठवलं, 'रूट कॅनाल करू नका…' आणि खाली डॉक्टरांचा फोटो. डॉक्टर चिडले नाहीत, उलट त्यांनी तो प्रिंट काढून केबिनमध्ये लावला. पण तेव्हापासून शेअर होणारी ओळ आम्ही वेगळी, हातानं लिहितो, मशीनला कापू देत नाही.

आणि वेळेचा घोळ. एका साइटला टाइमझोन बदलायला विसरलो, तो यूटीसीच (म्हणजे ग्रीनिचची वेळ) राहिला, त्यामुळं सकाळी ९ चा लेख दुपारी २:३० ला. हे लगेच कळलं कारण साडेपाच तासांचा फरक बघितला की भारतातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याला चोर कोण ते कळतं. पण दुसरं कळायला महिना गेला. वर्डप्रेसचं आतलं घड्याळ साइटवर कोणी आलं तरच हलतं, आणि फौंड्रीच्या साइटवर रात्रभर कोण येणार? सकाळी ७ ला ठरवलेला लेख अकराला कोणीतरी चुकून साइट उघडली की मग बाहेर पडायचा. शेवटी होस्टिंगमधून (साइट ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते तिथून) दर पाच मिनिटांनी साइटला टोचून उठवायची सोय केली.

फौंड्रीवरून आठवलं. हे सांगायला लाज वाटते पण वाटचाल म्हटलं की सांगायला पाहिजे. त्यांच्या ऑफिसमध्ये कुणीतरी फेसबुकचा पासवर्ड बदलला. पासवर्ड बदलला की आपल्या मशीनला दिलेली परवानगी आपोआप रद्द होते, आणि मशीन काही ओरडत नाही, गप्प बसतं. साइटवर लेख येत होते, पेजवर काहीच जात नव्हतं. तीन महिने! आमच्या लक्षात आलं नाही ते सोडा, त्यांच्याही आलं नाही, आणि पेजवरच्या एकाही माणसानं विचारलं नाही की अरे तुमचं काही दिसत नाही हल्ली. तीन महिन्यांचे पैसे परत केले. पैशापेक्षा ते कुणालाच कळलं नाही हे जास्त लागलं. लेख कुणासाठी चाललेत मग? त्यांचे गिऱ्हाईक फेसबुकवर नव्हतेच, ते परचेस मॅनेजर लोक, लिंक्डइनवर. तिकडं वळवलं तेव्हा कुठं पहिली चौकशी आली, कास्टिंगचं वजन आणि ग्रेड विचारणारी.

दरम्यान आमच्या पायाखालच्या फरश्या एकेक करून निघत होत्या. ट्विटरफीड २०१६ च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं. १ ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकनं स्वतःच्या प्रोफाइलवर बाहेरच्या ॲपनं पोस्ट टाकणं बंद केलं, फक्त पेज आणि ग्रुप चालेल म्हणाले. आमचे निम्मे गिऱ्हाईक प्रोफाइलवरच धंदा करायचे कारण इकडं माणूस बघून माल घेतात, दुकानाचं पेज कोण बघतंय. पंधरा दिवस नुसती पेजेस काढत होतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये गूगल प्लस गेलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट.

कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि त्या आठवड्यात पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही. आमची खोली उंचावर म्हणून कोरडी, पण लाइट नाही, नेट नाही, घरात शाहूपुरीतले आमचे पाहुणे येऊन राहिलेले, सात माणसं. सहलीवाल्यांचे ऑगस्टचे सगळे लेख आम्ही जुलैमध्येच लिहून, वेळ लावून ठेवले होते आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. सर्व्हर कुठंतरी लांब, कोरडा ठणठणीत. त्यानं आपलं काम केलं. सकाळी ८ वाजता त्यांच्या पेजवर पोस्ट गेली, 'पावसात भिजायला या! गगनबावडा, राधानगरी…' आणि धबधब्याखाली हसणाऱ्या पोरांचा फोटो.

मला दुपारी कळलं, तेही सहलीवाल्यांच्या फोनवरून. ते नवऱ्याचे मित्र, मला वहिनी म्हणतात. त्यांची स्वतःची एक गाडी हायवेला अडकलेली, आत तेवीस प्रवासी. आवाज तुटत होता, एवढंच ऐकू आलं, "वहिनी, तेवढं काढा आधी." लेख साइटवरून काढला की शेअर झालेलं आपोआप जाईल असं लोकांना वाटतं, तसं नसतं, जाताना रस्ता आहे, यायला नाही. प्रत्येक ठिकाणी जाऊन हातानं काढावं लागतं. गच्चीवर एका कोपऱ्यात टॉवरची एक दांडी येत होती, तिथं नणंद पावसात छत्री धरून उभी आणि मी मोबाइलवर, फेसबुकचं पान उघडायला दहा दहा मिनिटं. तोपर्यंत खाली शंभरावर कमेंट. बऱ्याचशा शिव्या होत्या. एक नुसती होती, 'आम्ही भिजलोय.'

ते आम्हाला सोडून गेले नाहीत, पैसेही परत मागितले नाहीत, त्यामुळं जास्तच अवघड झालं.

पाणी उतरल्यावर आम्ही सगळी घडी बदलली. आता मशीन सगळं तयार करतं, फोटो, ओळ, लिंक, वेळ, पण रात्री ९ ला उद्याची यादी माणसाच्या मोबाइलवर येते आणि माणसानं 'जाऊ दे' म्हटल्याशिवाय काही जात नाही. शिवाय एक बटण, सगळ्या गिऱ्हाइकांचं सगळं एका फटक्यात थांबवणारं. हे बटण बनवायला नणंदेला दोन दिवस लागले, सहा वर्षं ते सुचलं नव्हतं. त्याचे पैसे वाढवले तर एक जण म्हणाले, मॅडम मग ऑटोमॅटिक काय राहिलं यात? बरोबर आहे, पण २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा त्या संध्याकाळी बटण दाबलं आणि कुणाच्याही पेजवर गुढीपाडव्याची 'दुकानात अवश्य भेट द्या' गेली नाही. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

व्हॉट्सॅपचं थोडक्यात सांगते, कारण सगळ्यांना शेवटी तेच पाहिजे असतं. तिथं ग्रुपात आपोआप टाकून देणारी जी सॉफ्टवेअरं मिळतात ती अधिकृत नसतात, आम्ही एक वापरून बघितलं आणि फर्मचा नंबर बंद करून घेतला, चूक आमचीच. ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ लोकांची आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. म्हणून आम्ही तयार मेसेज मालकाला पाठवतो आणि मालक स्वतःच्या हातानं पुढं पाठवतो. चप्पलवाले काका त्यात वर स्वतःचं एक वाक्य घालतात, 'राम राम पाव्हणं, वाचून सांगा कसं वाटलं.' सगळ्यात जास्त वाचक त्यांचेच. आमची सगळी अक्कल एकीकडं आणि ते राम राम एकीकडं.

२०२३ मध्ये ट्विटरनं मशीनसाठीचे नियम आणि दर बदलले तेव्हा आम्ही सगळ्यांना फोन करून विचारलं, ट्विटर ठेवायचं का? दोघांनी हो म्हटलं, बाकीच्यांना आपलं ट्विटर आहे हेच आठवत नव्हतं.

नणंद आता लग्न होऊन पुण्यात असते, पण रात्रीची यादी तीच बघते, पोराला झोपवता झोपवता. पावसाळ्याचे तीन महिने मात्र सहलीवाल्यांची यादी थेट त्यांच्याकडं जाते, त्यांनीच मागून घेतली. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात, कुणाला विचारत नाहीत. काल रात्री ९:१० ला त्यांचा मेसेज आला: 'तीन आणि सहा नंबर उघडलेत. उद्याचं थांबवा.'