वरच्या मजल्यावरचा ओटा

बांधकाम सुरू होण्याआधी घराचा नकाशा तपासून देण्याचे काम माझ्याकडे अधूनमधून येते. नकाशा दुसऱ्या कोणी काढलेला असतो आणि कुटुंबाला त्रयस्थाचे मत हवे असते. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या या कुटुंबाने सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या मोबदल्यात, आजोबांच्या नावे मिळालेला छोटा भूखंड इतकी वर्षे राखून ठेवला होता. त्यांच्या नात्यागोत्यातल्या बहुतेकांनी आपले भूखंड बिल्डरला देऊन फ्लॅट घेतले. यांनी मात्र तळमजला आणि वर एक मजला असे स्वतःचे घर बांधायचे ठरवले, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

बैठकीला काका, काकू, थोरला मुलगा, सून आणि धाकटा मुलगा असे सगळेच आले होते. नकाशावर याआधीच बऱ्याच जणांची मते घेऊन झाली होती. काकूंच्या भावाने हॉल मोठा करायला लावला होता, वास्तुतज्ज्ञाने देवघर ईशान्येला नेले होते, एका शेजाऱ्याच्या सांगण्यावरून स्वयंपाकघराची खिडकी बुजवून तिथे कपाट काढले होते. प्रत्येक सूचना सुटी पाहिली तर वावगी नव्हती, पण त्या सगळ्या सामावून घेताना कोणीही पूर्ण नकाशा पुन्हा पहिल्यापासून पाहिलेला नव्हता.

मी खोल्यांकडे शेवटी पाहते. आधी जिना पाहते, कारण घराचा नकाशा खोटा असेल तर तो बहुधा तिथेच उघडा पडतो. दोन मजल्यांमधली उंची 3 मीटर होती आणि नकाशात पायऱ्या 12 होत्या, म्हणजे प्रत्येक पायरी 250 मिलिमीटर, सुमारे 10 इंच उंच. 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या घरातल्या पायरीची उंची 190 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पाऊल ठेवायची जागा 250 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. त्या हिशेबाने 16 चढ लागतात. आठ-आठचे दोन समांतर टप्पे (प्रत्येकात पाऊल ठेवायच्या सात जागा) आणि मध्ये एक मीटरचे लँडिंग धरले तर जिन्याला 2.75 मीटर लांबी हवी. नकाशात 2.25 होती. तो अर्धा मीटर कुठूनतरी काढावाच लागणार होता, आणि हे गवंड्याच्या लक्षात स्लॅब टाकायच्या वेळी आले असते आणि काकूंच्या गुडघ्यांना ते जन्मभर सोसावे लागले असते. डबलबेडही नकाशात जेमतेम दीड मीटर लांबीचा दाखवला होता. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून फर्निचर लहान काढणे ही आमच्या व्यवसायातली जुनी खोड आहे आणि मला ती सरळसरळ फसवणूक वाटते.

त्यानंतर मी बटर पेपरवर वरचा मजला उतरवून घेतला आणि तो खालच्या मजल्यावर कॉलमला कॉलम जुळवून ठेवला. दोन्ही मजले वेगवेगळ्या कागदांवर असल्यामुळे ते एकमेकांवर ठेवून आजवर कोणीच पाहिले नव्हते. वरच्या मजल्यावरचे संडास-बाथरूम नेमके खालच्या देवघरावर आले होते. काकूंनी चष्मा पुसला, वाकून पुन्हा पाहिले आणि कागदावरचे बोट झटकन मागे घेतले. धार्मिक भावना बाजूला ठेवली तरी हा दोष गंभीर होता: बाथरूमखालचा संकन, म्हणजे खाली दबवलेला, स्लॅब आज ना उद्या पाझरतोच, शिवाय मैल्याच्या पाइपाला खाली उतरायला तिथे शाफ्टच, म्हणजे पाइपांसाठीची उभी मोकळी जागाच, नव्हती. पाणी एकाखाली एक असावे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मग असे नकाशे घरोघर पोहोचतात तरी कसे, हे मला समजत नाही.

इथपर्यंतचे काम नेहमीचे होते. खरा प्रश्न पुढे आला. काकांना जिना हॉलमधूनच हवा होता. घरात कोण आले, कोण गेले ते दिसले पाहिजे, घर एक राहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. सून रुग्णालयात नर्स आहे. तिने एवढेच विचारले, "मॅडम, रात्रपाळीहून आल्यावर बाबा हॉलमध्ये झोपलेले असताना मला तिथूनच वर जावे लागेल ना?" यावर कोणीच काही बोलले नाही. संध्याकाळी थोरल्या मुलाचा फोन आला. वर तो आणि त्याची बायको राहणार होते आणि त्याला जिना बाहेरून हवा होता, पण ही गोष्ट वडिलांसमोर काढायची त्याची तयारी नव्हती.

जिना आतून की बाहेरून, या प्रश्नात आपल्याकडच्या घराची वाटणी दडलेली असते. बाहेरून जिना मला मान्य नव्हता. आधीच अरुंद असलेली बाजूची मोकळी जागा त्याने अडली असती आणि पश्चिमेकडून येणारी पावसाची झड चार महिने पायऱ्यांवर राहिली असती. मात्र कुटुंब वाढते, विभागते, आणि घराला त्यासोबत बदलता आले पाहिजे, यावर माझा विश्वास आहे. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात शेजारच्या घरांच्या भिंती सामाईक ठेवल्या नाहीत, त्या याचसाठी: प्रत्येकाला आपले घर दुसऱ्याला न विचारता वाढवता यावे. शिकत असताना तिथे हिंडून मी जे शिकले ते कोणत्याही वर्गात शिकले नाही.

मी दाराच्या आत दीड मीटर रुंदीची देवडी सुचवली. जिना तिथून वर जाईल, हॉलमध्ये जायला देवडीतूनच मोकळा मार्ग राहील, आणि पुढे कधी हवे झाले तर तिथे दाराची चौकट बसेल. वरचे बाथरूम खालच्या न्हाणीघरावर घेतले, स्वयंपाकघराची खिडकी परत उघडली आणि त्याच्या बरोबर वरच्या खोलीत पाण्याची एक लाइन आणि 75 मिलिमीटरचा सांडपाण्याचा पाइप, दोन्ही टोपण लावून बंद, असे दाखवले. शेजारी लिहिले: भविष्यातील ओटा.

पुढच्या बैठकीत काकांनी देवडी पाहिली आणि मान हलवली. मग त्यांचे बोट वरच्या खोलीवर थांबले. "वर ओटा कशाला? हे कोणी सांगितले तुम्हाला?" मी म्हणाले, "काका, हे मी सुचवले आहे. दोन मजली घरात मी ही सोय नेहमीच ठेवते. नंतर भिंत आणि स्लॅब फोडून पाइप नेण्यापेक्षा आज तो टाकून ठेवणे कितीतरी स्वस्त पडते." यातले प्रत्येक वाक्य खरे होते. तरी मुलाच्या फोनची गोष्ट मी सांगितली नाही, आणि ते न सांगणे योग्य होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. नकाशा तपासायला दिलेल्या माणसाने घरातल्या कोणाची बाजू घ्यावी का? की ज्याला बोलता येत नाही त्याची गरज कागदावर मांडणे हाही तपासणीचाच भाग आहे?

काका बराच वेळ नकाशा पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "पाइप राहू द्या. ते नाव तेवढे काढा."

मी नाव काढले. आता अडचण वेगळीच आहे. ज्या पाइपाला नाव नाही तो साइटवर टिकत नाही. प्लंबरला तो निरुपयोगी वाटतो, किंवा गवंडी त्यावरून प्लास्टर फिरवतो आणि पुढे तो कोणालाच सापडत नाही. म्हणून प्लंबिंगच्या ड्रॉइंगवर मी त्याचा व्यास, जमिनीपासूनची उंची आणि कॉलमच्या कडेपासूनचे अंतर लिहिले आहे, खोलीचा उल्लेख केलेला नाही, आणि भिंतीत झिरी काढतील त्या दिवशी मी साइटवर हजर राहीन, असे कंत्राटदाराला कळवले आहे. थोरल्या मुलाला यातले काही मी सांगितलेले नाही. पाइप ठेवायला काकांनी होकार दिला, तेव्हा सांगायचे तर ते काकांनीच सांगावे, असे मला वाटते.